विश्लेषण : जुन्या ट्रॅक्टरला ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’ हवे की हाताशी असलेला मिस्त्री?

खेड तालुक्यातील निघोजे गावाच्या हद्दीत महिंद्राचा चाकण प्रकल्प आहे. विजेवर धावणाऱ्या नव्या मोटारी तेथे तयार होतात. त्याच पट्ट्यात ज्यांची थोडीफार शेती शिल्लक आहे, त्यांच्या गोठ्याशेजारी तीस-चाळीस वर्षांचे ट्रॅक्टरही उभे दिसतात. खंडेनवमीला त्यांना हार पडतो, कांद्याच्या हंगामात ते ट्रॉलीला जुंपले जातात आणि थंडीच्या सकाळी सुरू व्हायला कुरकुरतात. अशा वेळी मोबाइलवर एखादा परदेशी व्हिडिओ दिसतो. जुन्या ट्रॅक्टरला छोटासा इलेक्ट्रॉनिक संच बसवला जातो आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते. आपल्याही ट्रॅक्टरला हे बसवावे का, हा प्रश्न मग साहजिक आहे. त्याचे थेट उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असेच आहे. पण ते ‘नाही’ का, हे समजले तर दुरुस्तीचा खर्च योग्य जागी होईल आणि नव्या ट्रॅक्टरबाबत कोणती मागणी करायची, तेही कळेल.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. ही ठिणगी पाडण्यासाठी हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी मात्र ६ किंवा १२ व्होल्टची असते. म्हणून मध्ये इग्निशन कॉइल असते. कॉइलमधून वाहणारा प्रवाह नेमक्या क्षणी तोडला की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात उच्च दाबाची वीज तयार होते आणि प्लगवर ठिणगी पडते. हा प्रवाह तोडण्याचे काम जुन्या इंजिनात ‘पॉइंट’ करतात. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत पुढे साठ वर्षे जगभर चालली.

पॉइंटचा दोष असा, की ते घासतात, जळतात आणि त्यांच्यातील फट बदलते. फट बदलली की ठिणगीची वेळ बदलते. मग इंजिन उशिरा सुरू होते, गचके देते, पेट्रोल जास्त खाते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटच्या जागी चुंबक, सेन्सर आणि ट्रान्झिस्टर येतो. काहीच घासत नसल्याने वेळ हलत नाही. क्रायसलर या अमेरिकी कंपनीने १९७३ च्या मोटारींत ही पद्धत सरसकट आणली आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनीही ती स्वीकारली.

परदेशातील जुन्या ट्रॅक्टरला ते का बसते?

कारण ते ट्रॅक्टर पेट्रोलवर चालणारे आहेत. अमेरिकेतील फोर्ड ८एन किंवा ब्रिटनमधील फर्ग्युसन टीई-२० च्या पेट्रोल आवृत्तीत स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट आहेत. काही ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलसारख्या इंधनावर चालवले जात. अशा यंत्राला इलेक्ट्रॉनिक संच बसवणे शहाणपणाचे ठरू शकते. तेथेही एक खाचखळगा आहे. त्या काळातील अनेक ट्रॅक्टर ६ व्होल्टचे आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले, म्हणजे ‘पॉझिटिव्ह अर्थ’चे असत. चुकीचा संच लावला किंवा तारा उलट जोडल्या, तर इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळतो. पॉइंट मात्र इतक्या सहज मरत नाहीत.

आपल्या ट्रॅक्टरमध्ये ठिणगी का नसते?

भारतात ट्रॅक्टर बनू लागले तेच डिझेलवर. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादला पहिला भारतीय ट्रॅक्टर तयार केला. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली. तिचा बी-२७५ जुन्या शेतकऱ्यांना आजही आठवतो. नंतर झेटरच्या तंत्रज्ञानावरील एचएमटी आला, मॅसी आणि फोर्ड आले. हे सारे डिझेलचे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. सिलिंडरमधील हवा पंधरा-वीस पट दाबली जाते आणि त्या दाबानेच ५०० अंशांच्या वर तापते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेते. पेटण्याची वेळ ठरवतो तो डिझेल पंप, आणि तो पूर्णपणे यांत्रिक असतो. काही इंजिनांत ‘हीटर प्लग’ असतो. नावात प्लग असला तरी तो ठिणगी पाडत नाही, सुरू करण्यापूर्वी आतली जागा गरम करतो. या नावामुळेच अनेकांचा गोंधळ होतो. ज्या यंत्रात इग्निशनच नाही, त्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणार कुठे?

ओळखायचे कसे?

इंजिनाच्या माथ्याकडे पाहावे. जाड रबरी तारा एका गोल टोपीतून निघून प्लगपर्यंत जात असतील आणि बाजूला कार्बोरेटर असेल, तर ते ठिणगीचे इंजिन. लोखंडी बारीक नळ्या पंपातून निघून नोझलपर्यंत जात असतील, तर ते डिझेल. पहिल्या प्रकारचा ट्रॅक्टर एखाद्या संग्राहकाकडेच सापडण्याची शक्यता जास्त. शेतात राबणारा ट्रॅक्टर जवळपास नेहमी दुसऱ्या प्रकारचा.

मग सुरू होत नसेल तर पैसे कुठे घालावेत?

आधी धूर पाहावा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. फिल्टर तुंबला आहे, फीड पंप कमजोर आहे किंवा लाइनने हवा घेतली आहे, यापैकी काही तरी असणार. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, याचा अर्थ डिझेल येते पण पेटत नाही. तेव्हा संशय नोझल, पंपाचे टायमिंग, हीटर प्लग किंवा रिंग-वॉल्व्ह झिजून घटलेल्या कॉम्प्रेशनवर घ्यायचा. नांगरताना काळा धूर येत असेल, तर हवेचा फिल्टर आधी साफ करायचा.

दुसरी गोष्ट इंजिन फिरण्याच्या वेगाची. डिझेल इंजिन पुरेशा जोराने फिरले नाही तर हवा तापतच नाही. अशक्त बॅटरी, गंजलेली टर्मिनल, बारीक केबल आणि सैल अर्थ यांमुळे चांगले इंजिनही बंद पडल्यासारखे वागते. अशा ट्रॅक्टरला विजेची खरी सुधारणा हवी असेल, तर जुना डायनामो आणि कटआउट काढून अल्टरनेटर बसवावा. इंजिन मंद चालतानाही बॅटरी भरते, रात्रीचे दिवे नीट लागतात. उसाची वा कांद्याची ट्रॉली घेऊन चाकणच्या रस्त्यांवर कंटेनरच्या रांगेत चालताना मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर ही चैन नाही.

दोन सवयी मात्र सोडायला हव्यात. सुरू होत नाही म्हणून हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारणे इंजिनाला घातक आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तर तो नको तेथेच भडकू शकतो. आणि जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांवर पाना टेकवून सेल्फ मारणे जिवावर बेतते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होताच पुढे येतो आणि उभा असलेला माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. बिघडलेला स्टार्टर स्विच बदलणे हे कोणत्याही ‘अपग्रेड’पेक्षा आधीचे काम आहे.

इलेक्ट्रॉनिक्स वाईट आहे का?

मुळीच नाही. याचा पुरावा पिंपरी-चिंचवड पट्ट्यातच आहे. आकुर्डीत बनणाऱ्या जुन्या बजाज स्कूटरना पॉइंट होते. पावसात भिजून बंद पडलेली स्कूटर तिरकी करणे, प्लग काढून पुसणे, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवणे हे एका पिढीचे रोजचे कसब होते. पुढच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि पॉलिश पेपर खिशातून गेला. गल्लीतल्या मेकॅनिकचा धंदा काही त्यामुळे बुडाला नाही. सीडीआयचा डबा उघडून दुरुस्त होत नसे, पण तो कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळे. दोन-चार तारा काढून नवा लावला की गाडी सुरू. त्याला लॅपटॉप लागत नसे, कंपनीचा पासवर्ड लागत नसे.

म्हणजे तंत्र बदलले तरी दुरुस्ती गावातच राहिली. जुन्या ट्रॅक्टरचे मोलही यातच आहे. त्याचा पंप खोलणारा, नोझल तपासणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. पेरणीच्या तोंडावर, जेव्हा वाफसा दोनच दिवस टिकणार असतो, तेव्हा ही गोष्ट मायलेजपेक्षा मोठी ठरते.

नव्या ट्रॅक्टरमध्ये काय बदलते आहे?

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम-४’ हे प्रदूषण मानक लागू झाले. ते पाळण्यासाठी अशा ट्रॅक्टरमध्ये मोठ्या प्रमाणावर कॉमन रेल इंजिने आली. यात डिझेल हजार बारच्या पुढच्या दाबाने साठवले जाते आणि कोणत्या क्षणी, किती डिझेल सोडायचे हे संगणक ठरवतो. डिझेल ट्रॅक्टरचे खरे ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’ म्हणायचे तर ते हेच. धूर घटतो, डिझेल मोजून जळते. हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही यंत्रणा जुन्या ट्रॅक्टरवर चढवता येत नाही. त्यासाठी पंप, नोझल, सेन्सर, वायरिंग आणि मुळात इंजिनच वेगळे लागते.

देशात विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले असल्याने हा बदल अजून सर्वांच्या दारात आलेला नाही. तो येईल, तेव्हा बिघाड शोधायला पान्याबरोबर स्कॅनर लागेल. तो स्कॅनर कोणाच्या हातात असेल, हा कळीचा मुद्दा आहे.

दुरुस्तीचा हक्क म्हणजे काय?

अमेरिकेत या प्रश्नावर मोठा संघर्ष झाला. जॉन डिअरच्या यंत्रांची दुरुस्ती शेतकऱ्याला स्वतः किंवा बाहेरच्या मेकॅनिककडून करता यावी, यासाठी तेथील शेतकरी अनेक वर्षे झगडले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरोशी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला; तो २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील व्यापार आयोगाने कंपनीविरुद्ध न्यायालयात दावाही दाखल केला. याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीत आहे, तेव्हा हा विषय सातासमुद्रापारचा म्हणून सोडून देता येणार नाही.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहनांबरोबर शेती अवजारेही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणे वेगळे आणि ती मागण्याचा कायदेशीर अधिकार असणे वेगळे.

काय व्हायला हवे?

जुन्या ट्रॅक्टरच्या मालकाने व्हिडिओ पाहून संच मागवण्याआधी आपले इंजिन कोणते ते पाहावे आणि तोच पैसा नोझल, बॅटरी, अल्टरनेटर, दिवे यांवर लावावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे. नवा, मोठा ट्रॅक्टर घेणाऱ्याने किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : बिघाडाचा कोड कोण वाचू शकतो, सेन्सर सुटा मिळतो का आणि हंगामात सर्व्हिसची गाडी किती तासांत बांधावर येते.

सरकारनेही ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला मराठीतील दुरुस्ती पुस्तिका, बिघाडांच्या कोडची यादी आणि रास्त दरात स्कॅनर देणे बंधनकारक करावे. आयटीआयमधील ट्रॅक्टर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात कॉमन रेलचे प्रत्यक्ष काम हवे. चाकण पट्ट्यात मोटारींचे इलेक्ट्रॉनिक्स समजणारे हात हजारोंनी आहेत आणि त्यांतील कित्येक शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. कारखान्यात सेन्सर जोडणाऱ्या मुलाला घरच्या ट्रॅक्टरचा सेन्सर बदलता येऊ नये, याला तांत्रिक कारण काहीच नाही. अडसर माहितीवरच्या कुलपाचा आहे आणि ते कायद्याने उघडता येते.