हमी कागदावर, पाणी गारच!

ऐन थंडीत गॅस गीझर रुसला की मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न उमटतो तो ‘मेकॅनिक कुठे मिळेल?’ हा. ‘हमीपत्र कुठे ठेवले आहे?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतो. तोवर नाक्यावरच्या कारागिराने यंत्राचे झाकण उघडलेले असते आणि हमी नाकारण्यास कंपनीला आयते निमित्त मिळालेले असते. बाहेरच्या माणसाने दुरुस्ती केल्यास हमी संपुष्टात येते, हे कलम बहुतेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत छापलेले असतेच.

वास्तविक या यंत्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो, कळ दाबली जाते, दोन बॅटऱ्यांच्या बळावर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. ठिणगीचा ‘टक्‌टक्’ आवाजच येत नसेल तर प्रथम बॅटऱ्या बदलून पाहाव्यात. पाण्याच्या तोंडाशी बसवलेली जाळी क्षारांनी तुंबली आहे का आणि वरच्या मजल्यावर पाण्याला पुरेसा दाब आहे का, हेही पाहावे. आवाज येतो, पण ज्योत पेटत नाही, असे असल्यास सिलिंडर संपलेला असतो किंवा रेग्युलेटर नीट बसलेला नसतो. वीस मिनिटांनी आपोआप विझणारा गीझर बिघडलेला नसतो. अनेक यंत्रांत ती सुरक्षेची योजनाच असते. एवढे पाहून झाले की गृहस्थाचे काम संपले. पुढचे काम कंपनीचे. पाणी अधिक कढत व्हावे म्हणून जास्त दाबाचा रेग्युलेटर जोडण्याची क्लृप्ती काही जण सांगतात. तो शुद्ध वेडेपणा होय. घरगुती रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम इतक्या अल्प दाबाने गॅस सोडतो, ते उगाच नव्हे.

एक लक्षण मात्र असे आहे की, ते दिसताच यंत्र त्या क्षणी बंद करावे. निळी ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागली, तर गॅस अपुरा जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत आहे असे समजावे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीघरात स्नानाला गेलेले माणूस बाहेर आलेच नाही, अशा वार्ता दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. म्हणूनच ‘जाऊ द्या हो, कोण कंपनीच्या मागे लागणार?’ हा आपल्या समाजाचा स्थायीभाव इथे परवडणारा नाही. मिक्सर बिघडला तर चटणी राहते, इथे जीव जातो. शिवाय तक्रार नोंदवलीच नाही, तर तोच सदोष भाग आणखी शंभर घरांत जातो.

ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीच्या रूपाने रुजवला, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते, वकील देण्याची सक्ती नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनीला जाग येते. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण ‘बिलाशिवाय थोडे स्वस्त पडेल’ या दुकानदाराच्या मोहात आपणच पडतो, आणि मग हमीपत्रावर ना शिक्का असतो, ना तारीख!

कंपनीचा तंत्रज्ञ आला की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ‘तुमच्या पाण्यात क्षार फार आहेत.’ दुसरे, ‘गीझर चुकीच्या जागी बसवला आहे.’ पैकी दुसरे पुष्कळदा खरे असते. न्हाणीघरात हवा खेळती नसेल तर गीझर बाहेर बसवला पाहिजे; पण दुकानाचाच माणूस घाईने तो शॉवरशेजारी टांगून गेलेला असतो. अशा वेळी हुज्जत घालत बसू नये. जागा बदलून घ्यावीच, परंतु तंत्रज्ञाचा तो शेरा सेवापत्रावर त्याच्याच हस्ताक्षरात, तारखेनिशी लिहून घ्यावा आणि गीझर कोणी बसवला हेही त्याखाली नोंदवून घ्यावे. नवी जागा करून देण्याचा खर्च कोणाच्या माथी पडावा, हा वाद उद्या आयोगापुढे गेलाच, तर तो कागदच बोलतो.