'अँटीव्हायरस बंद करून डाउनलोड करा' असं लिहू नका



निकालपत्रकाची एक्सेल फाइल असो नाहीतर गाण्यांचे व्हिडिओ उतरवून घ्यायचा प्रोग्रॅम असो, आपल्या ग्रुपवर लिंकखाली एक ओळ हमखास असते : 'डाउनलोड होत नसेल तर अँटीव्हायरस बंद करा.' माझं स्पष्ट मत आहे की ही ओळ लिहिणं आता थांबवलं पाहिजे. शाळेच्या लॅपटॉपवर काय काय असतं ते आठवा. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीसाठी घेतलेली बँक खात्यांची माहिती. एका फाइलसाठी या सगळ्यावरची राखण उठवायची? आणि बंद केलेलं परत चालू करायचं कोणाच्या लक्षात राहतं, सांगा बरं!

मुळात हे भांडण होतं कशावरून? डाउनलोड मॅनेजर मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी एकाच वेळी ओढून घेतो आणि शेवटी ते तुकडे जोडतो. अँटीव्हायरस मात्र डिस्कवर येणारी प्रत्येक गोष्ट उघडून बघतो. पोषण आहाराचा तांदूळ उतरवताना हमालाला पोती थप्पीला लावायची घाई आणि मुख्याध्यापक एका पोत्यात हात घालून उभे, तसा हा प्रकार. दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच असतं. पण फाइल 99 टक्क्यांवर येऊन अडते आणि आपण वैतागतो.

अशा वेळी आधी बघायचं की नक्की अडवलंय कोणी. विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस वापरत असाल तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, त्यात 'प्रोटेक्शन हिस्टरी' असते. कोणती फाइल, कधी आणि कशासाठी अडवली ते तिथं लिहिलेलं असतं. बाहेरून घेतलेल्या अँटीव्हायरसमध्येही 'रिपोर्ट्स' किंवा 'क्वारंटाइन' असं काहीतरी सापडतंच. तिथं काहीच नोंद नसेल तर बहुतेक दोष नेटचा किंवा त्या वेबसाइटचा, अँटीव्हायरसला उगाच बोल लावू नका. फाइल पूर्ण उतरते पण 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्हच होत नाही, असं असेल तर 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. ती सोय अनोळखी प्रोग्रॅमला त्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. तिथं फक्त तेवढ्या एका प्रोग्रॅमला परवानगी देता येते, बाकी पहारा तसाच राहतो. आणि लॅपटॉपबरोबर आलेलं मुदत संपलेलं एक आणि नंतर विकत घेतलेलं दुसरं, अशी दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत असतील तर एक काढूनच टाका.

फाइल चांगली आहे अशी खात्री वाटते, तरी अडवली जाते? 'व्हायरसटोटल' या साइटवर ती टाकून अनेक अँटीव्हायरसचं मत एकदम घेता येतं. 2012 पासून ती गुगलकडे आहे. पण तिथं टाकलेली फाइल इतर कंपन्यांनाही पाहायला मिळू शकते. म्हणून प्रोग्रॅम जरूर तपासा, विद्यार्थ्यांची यादी चुकूनही टाकू नका.

आता थोडं कडू बोलतो. पुष्कळ वेळा हा वाद खरा नसतोच. डाउनलोडर 'क्रॅक' केलेला असतो. पैसे न भरता चालावा म्हणून कोणीतरी त्यात फेरफार केलेला असतो आणि अँटीव्हायरस ओरडतो तो त्यासाठी. झिप फाइलला पासवर्ड, तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला, वर 'आधी अँटीव्हायरस बंद करा' ही सूचना, असं दिसलं की समजायचं. कुलूप आपल्यासाठी नसतंच, अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून ते असतं. आपल्या पुण्यातल्या क्विक हीलची सुरुवात आठवा. कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसनं बिघडलेले कॉम्प्युटर यायचे आणि धाकटे भाऊ संजय काटकर यांनी त्यावर इलाज लिहिला. हा काळ नव्वदच्या दशकातला. व्हायरस तेव्हा फ्लॉपीतून यायचा. आता आपणच त्याला दार उघडून बोलावतो.

शिवाय प्राथमिक शाळेला वेगळा डाउनलोडर लागतो तरी कशाला? पूर्वी लागायचा, मान्य. शाहूवाडी, राधानगरीकडं पावसाळ्यात लाइट गेली की अर्धी उतरलेली फाइल वाया जायची. आज क्रोममध्ये, एजमध्ये थांबवलेलं डाउनलोड बहुतेक वेळा पुढं चालू करता येतं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ब्राउझरनं सरळ उतरतात.

राहिला प्रश्न आपण स्वतः बनवलेल्या फाइलींचा. मॅक्रो घातलेलं निकालपत्रक आपण हौसेनं बनवतो आणि वाटतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं 2022 पासून आपोआप अडवायला सुरुवात केली, कारण त्याच वाटेनं भरपूर व्हायरस येतात. तेव्हा जिथं साध्या सूत्रांवर काम भागतं तिथं मॅक्रो टाळा. अगदीच लागत असेल तर लिंकखाली लिहा, की यात मॅक्रो आहे, तो अमुक कामासाठी आहे, फाइलचा आकार एवढा आहे. म्हणजे उतरवून घेणाऱ्याला फाइल पडताळून बघता येईल आणि फक्त तेवढ्याच फाइलला 'अनब्लॉक' करता येईल.