नाव झाकलं की काम दिसतं!

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीनं परवा विचारलं, "ताई, मी पूर्ण नावाऐवजी नुसतं आद्याक्षर लिहिलं तर चालेल का?" ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी जोडाक्षरं तुटत होती. तिनं दुरुस्ती करून पाठवली. दोन महिने उत्तर नाही. मग एक ओळ आली, 'आधी मूलभूत गोष्टी शिकून घ्या.' चुकलं काय, ते कुणी सांगितलं नाही.

मी समाजकार्य शिकलेली. कोडमधलं मला फारसं कळत नाही. पण दारात उभं राहून कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारा माणूस मला चांगला कळतो. रेशनच्या खिडकीपासून पोलीस चौकीपर्यंत तोच भेटत आलाय.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपला नाही असं समजू नका. आपल्या हातातले अँड्रॉइड फोन लिनक्सवर चालतात. कितीतरी संस्थांची पत्रं लिब्रेऑफिसवर लिहिली जातात. हे सारं 'ओपन सोर्स'. त्याचा कोड सर्वांसाठी खुला, कुणीही वाचावा, सुधारावा. पण पाठवलेली सुधारणा स्वीकारायची की नाही, हे ठरवतो प्रकल्पाची देखभाल करणारा मेंटेनर. स्वीकारलेलं काम पुढे नोकरी मागताना दाखवता येतं. म्हणजे हे दार पोटापाण्याचंही आहे.

तिथले लोक म्हणतात, "आम्ही माणूस बघत नाही, फक्त कोड बघतो." गुणवत्तेची ही भाषा आपण काय आज ऐकतोय?

एका मुलीच्या अनुभवावरून मी बोलत नाही. गिटहब या ठिकाणी लाखो लोक असा कोड पाठवतात. तिथल्या कामाचा अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण पाहता स्त्रियांचं काम पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारलं गेलं होतं. मग अडचण कुठे? प्रकल्पात नव्यानं येणाऱ्या, ओळखदेख नसलेल्या स्त्रियांपाशी. बाई आहे हे कळत नव्हतं तेव्हा त्यांचं ७१.८ टक्के काम स्वीकारलं गेलं. कळत होतं तेव्हा ६२.५ टक्के. ओळख कळल्यावर पुरुषांचंही प्रमाण घटलं, पण इतकं नाही. त्याच वर्षी गिटहबनं केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया अवघ्या ३ टक्के.

"बायका येतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" हेही ठरलेलं उत्तर. २००६ साली गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोम या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले, त्यात एकही बाई नव्हती. त्याच उन्हाळ्यात स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम जाहीर केला, शिकवायला कुणीतरी सोबत असेल असं सांगितलं, तेव्हा शंभरावर स्त्रियांचे अर्ज आले. बायका होत्याच. त्यांना बोलावलं नव्हतं.

मेंटेनरही बहुतेकदा बिनपगारी राबतो, थकतो, हे मला मान्य आहे. २०२४ साली एक्सझेड नावाच्या प्रोग्राममध्ये चोरवाट सापडली. ती ठेवणाऱ्यानं दोनएक वर्षं नेटानं काम पाठवून एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. म्हणूनच सारा भार एका माणसाच्या मर्जीवर नको. आम्ही सूट मागत नाही. तपासणी कडक करा, पण सगळ्यांची सारखी करा.

आणि 'स्वयंसेवा' म्हणताना वेळेचा हिशोबही मांडा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. भांडी घासून झाल्यावर रात्री केलेलं काम एका ओळीत, कारण न देता परत येतं, तेव्हा ते पुन्हा पाठवायला तिच्याकडे दुसरी रात्र असतेच असं नाही.

मागण्या साध्या आहेत. पहिल्या वाचनात पाठवणाऱ्याचं नाव झाकलेलं असावं. ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावं. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं. निर्णय एकट्याच्या हाती नसावा, आणि ठरवणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात. ज्या कंपन्या या कोडवर पैसा कमावतात, त्यांनी तपासणीच्या कामाचा मोबदला द्यावा.

त्या मुलीला मी म्हटलं, "सध्या आद्याक्षर लिही." म्हणताना माझी मलाच लाज वाटली. मुलींनी नाव लपवू नये म्हणून इतकी वर्षं शिबिरं घेतली, आणि आज मीच हे सांगितलं. म्हणून आता दर शनिवारी आम्ही चारजणी अशा मुलींसोबत बसतो. काय पाठवलं, कधी पाठवलं, उत्तर काय आलं, सगळं वहीत तारखेनिशी लिहितो. तुमच्या गटातही अशी वही सुरू करा. वह्या एकत्र आल्या की "आम्ही फक्त कोड बघतो" म्हणणाऱ्यांपुढे त्या ठेवता येतील, मुलींच्या पूर्ण नावांनिशी.