मृण्मयी : एक नाव, दोन उच्चार

मुलींना नद्यांची, देवतांची आणि फुलांची नावे ठेवण्याची प्रथा मराठी घरांत जुनी आहे. ‘मृण्मयी’ हे नाव त्या प्रथेतले नव्हे. ‘मातीने घडलेली’ असा अर्थ असलेले हे नाव एके काळी विरळाच ऐकू येई. आज सुशिक्षित मराठी कुटुंबांत ते परिचयाचे झाले आहे. त्याच्या प्रसारामागे साहित्याचा संस्कार असावा. गो. नी. दांडेकर यांच्या एका कादंबरीचे ते शीर्षक आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८९३ साली, रवींद्रनाथांच्या ‘समाप्ति’ या कथेत मृण्मयी ही अवखळ नायिका अवतरली होती. १९६१ साली सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’मधून ती पडद्यावरही आली.

मात्र रवींद्रनाथांची नायिका बंगाली मुखात ‘म्रिन्मोयी’ असते, तर मराठी कन्या ‘म्रुण्मयी’. हिंदी भाषक ‘म्रि’ म्हणतात. गुजराती, ओडिया, कन्नड आणि तेलुगू भाषक सामान्यतः मराठीप्रमाणे ‘म्रु’ म्हणतात. मराठी मुलगी उत्तरेतील शाळेत गेली की तिच्या नावाचा उच्चार प्रांतिक ठरवून सुधारला जातो. उलट, महाराष्ट्रात वाढणाऱ्या बंगाली मुलीला ‘म्रु’ हाच शुद्ध उच्चार म्हणून सांगितला जातो. दोन्ही ठिकाणी दाखला संस्कृतचाच दिला जातो, आणि आपलेच नाव आपल्याला नीट उच्चारता येत नाही, असा समज त्या मुलीच्या मनात रुजतो.

हा दाखला कितपत टिकतो? ‘ऋ’ हा मूळचा स्वर. त्यात ‘रि’ही नाही आणि ‘रु’ही नाही. त्याच्या उच्चारस्थानाविषयी प्राचीनांतच मतभेद होते : पाणिनीय शिक्षा त्याला मूर्धन्य मानते, तर ऋक्प्रातिशाख्य जिह्वामूलीय. लोकभाषांनी तर त्याला फार पूर्वीच निरनिराळी वळणे दिली. अशोकाच्या पहिल्या शिलालेखातील ‘मृग’ हा शब्दच पाहावा. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात तो गिरनार येथे ‘मगो’, कालसी येथे ‘मिगे’ आणि शाहबाजगढी येथे ‘म्रुगो’ असा कोरला गेला. पुढे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त ऋकाराचे अ, इ आणि उ हे तिन्ही विकार नियमबद्ध केले.

या नावाच्या अर्थातही तीच साक्ष आहे. ‘मृत्तिका’ या एकाच शब्दापासून मराठीत ‘माती’ आली, बंगालीत ‘माटी’ आणि हिंदीत ‘मिट्टी’. म्हणजे ‘म्रुण्मयी’ म्हणणारा मराठी माणूस मातीला ‘मुती’ म्हणत नाही, आणि ‘म्रिन्मोयी’ म्हणणारा बंगाली माणूस ‘मिटी’ म्हणत नाही. तत्सम शब्दांतील ‘रि’ आणि ‘रु’ ही त्या त्या प्रदेशातील पठणपरंपरेची देणगी आहे. शुद्धीची मक्तेदारी कोणाकडेच नाही. मराठीत रूढ झालेला ‘ण्’ही पाणिनीय प्रक्रियेला धरून नाही. ‘मृद्’ला ‘मय’ प्रत्यय लागून ‘मृन्मय’ सिद्ध होते, आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वरुणसूक्तात हेच रूप आढळते.

नागरी लिपीचे औदार्य असे की ‘मृ’ हे अक्षर दोन्ही उच्चारांना जागा देते. रोमन लिपीत मात्र ‘आय’ की ‘यू’ याचा निर्णय करावाच लागतो, आणि एकदा झालेला निर्णय जन्मदाखल्यापासून पदवीपत्रापर्यंत त्या व्यक्तीबरोबर चालतो. तो घरच्या उच्चाराला धरून झाला असेल, तर शाळेने वा कार्यालयाने त्यात दुरुस्ती करण्याचे कारण नाही.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांवर याहून थोडी अधिक जबाबदारी येते. ग्रंथसूचीत रोमन लिप्यंतर करताना ‘ऋ’साठी अधोबिंदुयुक्त चिन्ह वापरावे, म्हणजे कोणत्याही एका प्रांताचा उच्चार दुसऱ्यावर लादला जाणार नाही. बंगाली कथेचा मराठी अनुवादक ‘मृण्मयी’ असे लिहील आणि मराठी वाचक ते ‘म्रु’ वाचेल, यात मूळ कृतीवर अन्याय नाही. व्यक्तीच्या बाबतीत मात्र नियम वेगळा असावा. कथेतील पात्र वाचकाच्या भाषेत येऊन राहते. वर्गात बसलेली मुलगी आपल्या घरची भाषा बरोबर घेऊन आलेली असते. तिचे नाव पुकारण्यापूर्वी ते कसे उच्चारायचे, हे शिक्षकाने तिलाच विचारावे.