बागेच्या दारातला चौक

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या रहिवाशांची बैठक बागेतल्या मंडपात भरली. विषय एकच होता, बागेसमोरचा चौक. दिवाळीच्या सुट्टीत तिथे एका आजोबांना रिक्षाची धडक बसली आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर लोक जरा हलले होते. बैठकीत एक गृहस्थ उठले, वीसेक मिनिटं बोलले, आणि पुढच्या आठवड्यात तेच म्हणणं दोन पानी पत्रक होऊन प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागलं. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एकट्या त्यांचं मत नाही. पुण्यात स्टिअरिंगमागे बसलेल्या अर्ध्याअधिक माणसांचं हे मत आहे. त्यांनी ते छापलं, म्हणून उत्तर त्यांना.

पूर्वपक्ष असा. चौकात अपघात होतात, कारण पायी चालणाऱ्यांना शिस्त नाही. लोक वाटेल तिथून रस्ता ओलांडतात, मोबाइलमध्ये डोकं घालून चालतात, पोरांचा हात सोडतात. म्हणून फुटपाथच्या कडेने लोखंडी कठडे लावा, वरून पादचारी पूल बांधा, लेफ्ट फ्री कायम ठेवा आणि बागेचं चौकाकडचं दार बंद करून मागच्या गल्लीतलं उघडा. वाहतूक सुरळीत झाली की अपघात आपोआप थांबतील. शेवटी पुरवणी जोडली आहे: स्पीडब्रेकरने कंबर मोडते, दुकानदारांचा धंदा बसेल, रुग्णवाहिका अडकेल आणि ही परदेशी थेरं आपल्याकडे चालत नाहीत.

शिस्तीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

ते आजोबा कुठे होते? झेब्रावर होते. पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा होता. मोबाइल त्यांच्या घरी, चार्जिंगला लावलेला होता. रिक्षा आली ती लेफ्ट फ्रीमधून, म्हणजे पत्रकात जे कायम ठेवा म्हटलंय त्याच वळणावरून. ज्या माणसाने नियमाचं एकही अक्षर मोडलं नाही त्याचं हाड मोडलं, आणि त्याच्याच अपघातानंतर पादचाऱ्यांच्या बेशिस्तीवर दोन पानं लिहिली गेली. लिहिणाऱ्याने हॉस्पिटलात जाऊन त्यांना एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे.

आता मोजमाप. आमच्या शेजारच्या वहिनी स्थापत्य अभियंता आहेत. एका रविवारी सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असताना, त्या आणि मी मेजपट्टी घेऊन चौकात गेलो. बागेच्या दारापासून समोरच्या फुटपाथपर्यंत झेब्रावर १५ मीटर भरले. थोडं पुढे तोच रस्ता ११ मीटरचा आहे. वरचे चार मीटर आले कुठून? कोपऱ्याच्या गोलाईतून. गाडीला ब्रेक न मारता वळता यावं म्हणून कोपरा इतका फाकवून ठेवलाय की पायी माणसाची वाट तेवढी लांबली. सिग्नलचं गणित करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशोबाने १५ मीटरला साडेबारा सेकंद लागतात. आमच्या चौकात हिरवा माणूस दिसतो तो १० सेकंद. म्हणजे धडधाकट माणसालाही रस्ता पार करायला पुरेसा वेळ मिळत नाही. गुडघ्यांनी दगा दिलेली आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर दहा सेकंदांत ती आठ मीटर जाते. आठ मीटरवर काय आहे? दुभाजक. झेब्राचे पट्टे सरळ त्या दुभाजकावर जाऊन आपटतात. रंगवणाऱ्याने पट्टे मारले, पण दुभाजकात वाट ठेवायची कुणाला सुचली नाही.

हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून जे बघितलं ते सांगतो. त्याच संध्याकाळी सहा वाजता एक आजी नातवाला घेऊन निघाल्या. हिरवा लागल्या लागल्या पाऊल टाकलं, एक क्षण दवडला नाही. दुभाजकाशी पोचेपर्यंत लाल झाला. दुभाजक जेमतेम दीड वीत रुंद. त्यांनी नातवाला वर चढवलं, स्वतः एक पाय वर आणि एक पाय रस्त्यावर अशा उभ्या राहिल्या, आणि त्याच्या शर्टाची कॉलर मागून मुठीत धरली. हात धरला नव्हता, कॉलर धरली होती. बस गेली तेव्हा त्यांचा पदर वाऱ्याने उडाला. पोरगं रडत नव्हतं. त्याला याची सवय असावी, आणि मला त्याच गोष्टीने गलबलून आलं. त्या बाईंना कोण शिस्त शिकवणार?

आणि जे लोक झेब्रा सोडून ओलांडतात, त्यांचंही बघून घेऊ. बसथांबा झेब्रापासून ६० पावलं पुढे, रस्त्याच्या पलीकडे आहे. समोर पाहिलं तर दुभाजकातल्या मेंदीच्या कुंपणाला एक खिंड पडली आहे. तिथली माती शेकडो पायांनी तुडवून सिमेंटसारखी टणक झाली आहे, कडेला कुणाच्या तरी वॉटरबॅगचं निळं झाकण पडलेलं आहे. चालणारा माणूस जवळची वाट धरतो. डोंगरावरच्या पायवाटा अशाच पडल्या. लोकांना कुठून जायचंय ते त्या खिंडीने स्पष्ट सांगितलं आहे. शहाणा माणूस तिथे झेब्रा मारेल. आमचे गृहस्थ तिथे कठडा मारायला निघाले आहेत.

लोक रस्त्यावरून का चालतात, हाही पत्रकातला प्रश्न. फुटपाथवरून का चालत नाहीत ते तिथे उभं राहून कळतं. कागदावर तो दोन मीटरच्या वर आहे. त्यातून डीपी बॉक्स, जाहिरातीचा खांब, झाडाचा कठडा आणि तिरक्या लावलेल्या तीन स्कूटर वजा केल्या, की उरतात ७० सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि फुटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी असंही म्हटलंय. आमच्या कोपऱ्यावरची कड २८ सेंटिमीटर भरली. वहिनींनी दोनदा मोजली. बाबागाडी, काठी, वॉकर यांपैकी काहीही घेऊन त्यावर चढून दाखवावं.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी हाच रस्ता रुंद करायचा म्हणून फुटपाथ निम्मा कापला, तीन गुलमोहर पाडले. तेव्हाही शब्द हाच होता, सुरळीत. मी तेव्हाही भांडलो होतो आणि तेव्हाही मला सांगितलं होतं की दोन वर्षांत कोंडी संपेल. कोंडी संपली नाही. कापलेल्या फुटपाथच्या जागेवर आता गाड्या पार्क होतात, म्हणजे रस्ता होता तेवढाच राहिला आणि चालणाऱ्याची जागा मात्र गेली. दुपारी रस्ता मोकळा असला की वेग तेवढा वाढला. एखाद्या वेळी माझं चुकलं असतं तर मी मान्य केलं असतं. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

वेगाबद्दल पत्रकात एक अवाक्षर नाही. पायी माणसाच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे त्याबद्दल एकही ओळ नाही. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला पोरगं दिसलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सव्वाआठ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून ती साधारण तेरा-चौदा मीटरवर उभी राहते. तोच चालक ताशी ५० ने येत असेल, तर त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जातात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून चुकली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही, आणि तिचा आघात पावणेतीन पट आहे. चेंडूमागे धावणाऱ्या सहा वर्षांच्या पोराने शिस्त पाळावी ही अपेक्षा ठेवता येईल, पण तिच्यावर त्याचा जीव टांगता येणार नाही. पोरं धावणारच. बागेच्या दारात नाही धावणार तर कुठे धावणार?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला नव्वद. दिवसाला नव्वद माणसं बेशिस्तीने मेली असं ज्याला वाटतं, त्याने ते जाहीरपणे बोलावं. कायदा तर उलटंच सांगतो: झेब्रावर पादचारी असेल तर वाहनाने थांबायचं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. शिस्तीचा धडा कुणाला द्यायचा याचा निकाल यात लागला आहे.

बाकीचे मुद्दे लवकर आटपतात. पादचारी पूल: खालून वाहनं जायला साडेपाच मीटर उंची मोकळी लागते, म्हणजे चढायला चाळीसेक पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. इंजिन असलेल्याला सपाट रस्ता आणि दम लागणाऱ्याला जिना, ही वाटणी मला मान्य नाही. बागेचं दार बंद करा म्हणणाऱ्याला मी उत्तरच देणार नाही. रुग्णवाहिका झेब्राने अडत नाही, बेकरीसमोर दुहेरी लावलेल्या गाड्यांनी अडते. बघायचं असेल तर कुठल्याही संध्याकाळी या. धंद्याचं म्हणाल तर भेळवाला, डेअरी आणि स्टेशनरीचं दुकान यांचं गिऱ्हाईक चालत येतं. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथली गर्दी ज्याने पाहिली त्याला हा मुद्दा सुचायचा नाही.

स्पीडब्रेकरचं मात्र त्यांचं खरं आहे. आपल्याकडे रात्रीत डांबराचा ढीग ओततात आणि त्याला स्पीडब्रेकर म्हणतात. माझ्या आईचा मणका त्यानेच दुखावला. पण प्रमाणित उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ला तो अलगद पार होतो. वाईट वस्तू चांगल्या वस्तूविरुद्धचा पुरावा होत नाही.

परदेशी थेरं हा शब्द मला विशेष लागला. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, बालहत्या थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि मग तिथले रस्ते बदलले. डच माणूस जन्मतः शिस्तीचा होता म्हणून बदलले नाहीत. मुलं मेली, आणि आईबापांनी मुलांना दोष द्यायला नकार दिला, तिथून सुरुवात झाली. आणि परदेशाचं कशाला, पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलंय. ते मराठी माणसांनी, याच रस्त्यांसाठी केलंय.

तर मग काय करायचं? माझी मागणी मोठी नाही. कोपऱ्याची गोलाई आवळून चारही मीटर फुटपाथला परत द्यावेत, म्हणजे गाडीला वळताना वेग कमी करावाच लागेल. लेफ्ट फ्री बंद करावा. झेब्रा फुटपाथच्या पातळीला उचलून घ्यावा, म्हणजे चाकं चढतील आणि माणसं सपाट चालतील. दुभाजकात दोन मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, आजी आणि नातू दोघं नीट उभे राहतील एवढी. हिरवा माणूस २० सेकंद करावा. मेंदीच्या खिंडीपाशी दुसरा झेब्रा द्यावा. लगेच दगड-सिमेंट नको असेल तर महिनाभर रंग मारून आणि प्लास्टिकचे खांब लावून बघावं. जमलं नाही तर खांब उचलायला एक सकाळ पुरते. यात एखादी चूक असेल तर वहिनी दुरुस्त करतील, हट्ट माझा नाही.

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. पत्रक लिहिणाऱ्या गृहस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी बैठकीआधी, संध्याकाळी सहाला बागेच्या दारात यावं. त्या आजी रोज येतात, मी त्यांना विचारून ठेवलंय. नातवाचा हात गृहस्थांनी धरावा आणि हिरवा लागला की आजींच्या चालीने निघावं. मी पलीकडच्या फुटपाथवर घड्याळ घेऊन उभा असेन.