बदल केलेल्या इंजिनाचे ऑइल
इंजिन ऑइलच्या डब्यावरील ‘५डब्ल्यू-४०’ या खुणेत ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा, १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते. ‘५डब्ल्यू’साठी इंजिन फिरण्याची कसोटी उणे ३० अंशांना घेतात, बीडच्या हिवाळ्याला ‘१५डब्ल्यू’सुद्धा पुरून उरते. इथला खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो. टर्बोचा दाब वाढवला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप केला, की बेअरिंगवरचा भार आणि ऑइलचे तापमान दोन्ही चढतात. तापून पातळ झालेल्या ऑइलचा धातूंमधला थर तुटू शकतो. अशा वेळी ३० ऐवजी ४० ग्रेड, तीही सिंथेटिक, ही बहुधा योग्य पायरी. ५० ग्रेड मात्र बेअरिंगची फट मुद्दाम जास्त ठेवून बांधलेल्या इंजिनालाच शोभते. हौसेखातर दाट ऑइल भरले तर इंधन जास्त जळते, आणि गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. नुसता सायलेन्सर किंवा चाके बदलणाऱ्याने कंपनीचीच ग्रेड ठेवावी. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असेल, तर ग्रेड कोणतीही असो, ऑइल कमी राखेचेच घ्यावे.