कोंबडबाजार ते आयपीएल: सट्ट्यात सराईत का टिकतो, हौशी का बुडतो?

धानाची कापणी आणि मळणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात चोरून कोंबडबाजार भरू लागतात. पायाला धारदार काती बांधलेले कोंबडे झुंजतात आणि भोवतीचे लोक पैसे लावतात. उन्हाळ्यात आयपीएल आली की मोबाइलवर सट्टा रंगतो. खेळ बदलतो, पण पैसे लावणारे दोन प्रकारचेच राहतात: हौशी आणि सराईत.

दोघांत फरक काय?

हौशी माणूस विचारतो, ‘कोण जिंकेल?’ सराईत विचारतो, ‘मिळणारा भाव परवडतो का?’ परवडत नसेल तर तो आवडत्या संघावरही पैसे लावत नाही. तो प्रत्येक डावाची नोंद ठेवतो आणि सट्ट्यासाठी वेगळ्या काढलेल्या रकमेचा छोटा, ठरलेला हिस्साच लावतो. हौशी गर्दीचा कल पाहतो आणि हरला की भरपाईसाठी पुढचा डाव दुप्पट करतो. तो बुडतो तो बहुतेकदा इथेच.

गणित कोणाच्या बाजूने?

समजा, दोन संघ तुल्यबळ आहेत आणि दोघांचाही भाव 90 पैसे आहे. म्हणजे 100 रुपये लावून जिंकल्यास 90 मिळतात, हरल्यास 100 जातात. अशा 100 सामन्यांत निम्मे अंदाज बरोबर आले, तर 4,500 रुपये येतात आणि 5,000 जातात. मधले 500 बुकीचे. नुसता तोटा टाळायलाही जवळपास 53 टक्के अंदाज बरोबर यावे लागतात.

म्हणूनच या धंद्यातला खरा सराईत बहुधा पैसे लावणारा नसतो. लगवाडी हौशी करतात, खायवाडी बुकी करतो. ब्रिटनसारख्या देशात, जिथे सट्टा कायदेशीर आहे, तिथेही सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाच्या रकमेवर कंपन्या मर्यादा घालतात.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक जागी पक्षी झुंजवणे हा 1887 च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही लागू होतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

पण शिक्षा नाही म्हणजे संरक्षण आहे, असे नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. बुकीने जिंकलेले पैसे बुडवले, तर ते वसूल करायला न्यायालयात जाता येत नाही.

सराईत गमावतो ती बाजूला काढलेली रक्कम. हौशी माणसाच्या खिशात मात्र हिवाळ्यात धानाचे चुकारे असतात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी. त्यातूनच खरिपाचे बियाणे घ्यायचे असते.